मधला एक

टोपडं तीनशे वीस रुपयांचं,
पोपटी, कानांवर दोन गोंडे.
विणलं कुंदाने, पत्ता लिहिला मी.
वाटणी ठरलेली आहे आमची :
सुया तिच्या, चिकटपट्टी माझी,
आणि कोपरखैरण्याच्या पोस्टातली रांगही माझीच.

ठाणे-बेलापूर रोडवरच्या रंगाच्या कंपनीत
एकतीस वर्षं मी डिस्पॅचला.
पिंपं, कॅन, नमुन्यांच्या बाटल्या,
सगळ्यांवर माझं अक्षर.
कंपनी गेली. तिथे आता काचेची इमारत आहे.
अक्षर राहिलं.

निपाणीच्या नसीम मुजावर यांचा मेसेज
एकविसाव्या दिवशी :
'काका, पार्सल नाही आलं. शुक्रवारी अकीका,
बाळाचं जावळ काढणार, टोपडं त्यासाठीच होतं.'
पुढे जोडलेले हात. रागाचं चिन्ह नाही.
तेच जास्त लागलं.

नंबर टाकून पाहिला.
गोणीत भरलं. गोणी निघाली. गोणी उघडली.
त्यानंतर काही नाही.
कुठल्याशा खोलीत कुणीतरी गोणीची सुतळी कापली
आणि तिथेच सगळं थांबलं.
सकाळी पाहिलं, गोणी उघडली.
रात्री पाहिलं, उघडलेलीच.

काउंटरवर मी आवाज चढवला.
सुरवसे बाई म्हणाल्या, विमा केला होता?
नव्हता.
मग तक्रार द्या लिहून.
दिली. दोन पानं, समास सोडून.
'आपल्या खात्याचा निष्काळजीपणा'
या शब्दांखाली पट्टी लावून रेघ.

घरी येऊन कुंदाला नियम सांगितला :
माल फाटकाबाहेर पडला, गेटपासवर शिक्का बसला
की तो आपला नव्हे.
फाटल्यास, फुटल्यास, गहाळ झाल्यास
गिऱ्हाइकाने वाहतूकदाराशी बघावं.
बिलाच्या तळाशी हे वाक्य मी
एकतीस वर्षं वाचलंय.
कुंदा टाके मोजत होती. 'बहात्तर,' म्हणाली.
मग म्हणाली,
'तुमच्या पिंपांची कुणी वाट बघत नव्हतं.'

पैसे परत पाठवले तर नसीमताईंनी ते घेतले नाहीत.
तेव्हा कुंदाने विचारलं, डोकं आता केवढं?

हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.
हरवलेलं पुन्हा तसंच करून चालत नाही,
बाळ काही थांबून राहिलेलं नसतं.
साडेसोळा इंच.
बारा टाके वाढवावे लागले.

दुसऱ्या पार्सलाचा पत्ता भाचीने छापून दिला.
पाचव्या दिवशी फोटो :
गोंडा तोंडात, लाळ हनुवटीवर,
अकीका केव्हाच होऊन गेलेला.

चौथ्या महिन्यात पहिलं परत आलं.
पाच शिक्के, कोपऱ्याला तेलाचा डाग,
आणि लाल पेनाचं वर्तुळ
पिनकोडातल्या मधल्या एकाभोवती.

माझा एक.
डोकं गोल, शेपूट खाली सुबक वळलेलं,
ज्यासाठी गुरुजींनी माझी पाटी वर्गाला दाखवली होती,
तसाच.
बाकीचे पाच आकडे इंग्रजी लिहिलेत मी.
हाच मराठी का उतरला, कोण जाणे.
वाचणाऱ्याने नऊ वाचला.
वर्तुळाशेजारी बारीक अक्षरात कुणाचा तरी प्रश्न :
'हा १ तर नाही?'

मी पाकीट टेबलावर पालथं ठेवलं.
कुंदाने ते सरळ केलं,
आणि कुकर लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी रांगेत.
तक्रार मागे घ्यायचीय, म्हटलं.
सुरवसे बाई म्हणाल्या, त्याचा अर्ज वेगळा.
कारणासाठी त्यात एकच ओळ होती.
मी लिहिलं : अक्षर माझं.
त्यांनी वाचलं, शिक्का मारला,
माझ्या मागच्याला म्हणाल्या, बोला.

संध्याकाळी कुंदाने गोंडे कापले,
लोकरीचं टोक हुडकलं.
'हात पुढे करा.'
केले, मनगटं जवळजवळ,
पकडून नेतात त्या माणसासारखे.
'लांब धरा जरा.'
टोपडं तिच्या मांडीवर गोल गोल उसवत गेलं
आणि धागा, अजून कुरळा, टाक्यांची सवय न सुटलेला,
माझ्या हातांभोवती चढत राहिला.
खांदे भरून आले.
'झालं का?' मी विचारलं.
'बरंच आहे अजून,' ती म्हणाली. 'हलू नका.'